बडगीच्या बुडाखालचं पोतं

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे. एका अंगाने तडकलेली, तारेने आवळलेली आणि बुडाला डुगडुगणारी. माझं मन कित्येक वर्षं थाऱ्यावर नाही, कारण माझ्या हातून एक खोटी साक्ष दिली गेली आहे. ती कुणाला तरी सांगितल्यावाचून मला स्वस्थ बसवत नाही. तुम्ही लहान आहात आणि अजून नीट ऐकता, म्हणून तुम्हालाच सांगते.

ज्यांनी बडगी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी माझी ओळख. जाड लाकूड आतून कोरून त्याचं खोलगट भांडं करतात, ती बडगी. आमच्या खानदेशात तिच्यात वांग्याचं भरीत कुटतात. मोठमोठी, पांढुरकी हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची आणि मिरची-लसणीबरोबर लाकडी मुसळीने माझ्या पोटात ठेचायची. पातेल्यात पळीने कालवलेल्या वांग्याला आमच्याकडे कुणी भरीत म्हणत नाही.

देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा जामनेरकडच्या एका खेड्यात अभिमन सुताराने मला घडवलं. त्याचा हात मोठा कसबी. पण मला जमिनीवर ठेवलं आणि मी डुगडुगले. माझं बूड एका बाजूने तासायचं राहून गेलं होतं. अभिमनने मला उचलून ओट्यावर ठेवलं, मग अंगणात, मग शेजाऱ्याच्या पडवीत.

"बडगी नीट हाये," तो म्हणाला. "या गावाची जमीनच उतरती हाये."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून सगळे हसले. मीही हसले असते. पण मी त्याच्या हातात होते, आणि तो लाकूड कोरायच्या पटाशीची धार डोळ्यांनी न बघता अंगठ्याने चाचपत होता, हे मला कळत होतं. त्याची नजर उतरत चालली होती. गावाची जमीन वाकडी म्हणणं त्याला त्यामानाने सोपं गेलं. माणसं असं का करतात, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात शिरला तो आजवर निघालेला नाही.

मी जीवराम पाटलाच्या घरी आले. घरात जीवराम, त्याची बायको सुनंदाबाई आणि म्हातारे वडील तोतारामआबा. पुढच्याच वर्षी तिथे कुंदा जन्मली. तीन-चार वर्षं माझी चंगळ होती. हिवाळा लागला की सुनंदाबाईच्या भरिताचा वास चार घरं ओलांडून जायचा. बायका वाटी घेऊन यायच्या. 'सुनंदाबाईच्या हाताला काय चव शे!' म्हणायच्या. त्या चवीचं गुपित मात्र मला एकटीलाच ठाऊक होतं.

जीवराम जामनेरच्या बाजारात कापूस घेऊन जायचा. तिथे व्यापाऱ्याने मूठभर कापूस उपसून तोंड वाकडं केलं, की जीवराम तिथे मूग गिळून बसायचा. घरी आला की म्हणायचा, "आज भाजीत मीठ किती टाकलं? ध्यान कुठी असतं तुहं?" वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! सुनंदाबाई उलट बोलायची नाही. ती दुसऱ्या दिवशी वांगी भाजायची आणि मला अशी कुटायची की माझ्या बुडाखालची माती उडायची. लोकांनी बोटं चाटत खाल्लं ते भरीत अर्धं मिरची-लसणीचं होतं आणि अर्धं गिळलेल्या शब्दांचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. घरात कुणाला तरी ठोके सोसावेच लागतात, आणि मी त्याचसाठी लाकूड होते.

तोतारामआबांची तऱ्हा निराळी. त्यांना कानाने कमी येऊ लागलं होतं. पण ते म्हणायचे, "आताशा बठ्ठे लोक तोंडातल्या तोंडात बोलू ऱ्हायले. खातपीत नाहीत का काय?" गावात कुणालाच धड बोलता येत नाही असं त्यांचं ठाम मत झालं होतं, आणि हे मत ते ओरडून सांगायचे.

कुंदा दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली. टपोऱ्या डोळ्यांची, चपळ पोरगी. पण बोलेना.

"आमच्या घरात पोरं उशिराच बोलतात," आबा म्हणाले. "हा जीवराम पाच वर्साचा व्हईपर्यंत मुका होता. आन् आता पाहा, गप बसत नाही!"

सगळे हसले आणि सगळ्यांना बरं वाटलं. जीवराम पाच वर्षांपर्यंत मुका होता हे मात्र त्याआधी कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

एकदा कुंदा रस्त्यात बसून खेळत होती. मागून गावातल्याच रतिलालची बैलगाडी आली. घुंगरं वाजत होती, रतिलाल ओरडत होता, पण कुंदा हलली नाही. त्याने कासरे ओढून बैल उभे केले तेव्हा बैलाचा श्वास तिच्या केसांत लागत होता. जीवराम धावत आला आणि त्याने रतिलाललाच फैलावर घेतलं. "डोळे फुटले का तुहे? लेकरू दिसत नाही?" रतिलाल बिचारा खाली मान घालून निघून गेला. त्या रात्री कुणीच पोटभर जेवलं नाही, आणि का ते कुणी बोललंही नाही.

सुनंदाबाई मात्र आतून पोखरली जात होती. एके दिवशी तिच्या हातून पितळी झाकण कुंदाच्या अगदी मागे पडलं. त्या आवाजाने परसातली मांजर पळाली. कुंदा चिंचोके मांडत बसली होती, ती मांडतच राहिली. सुनंदाबाईने झाकणाकडे पाहिलं, पोरीच्या पाठीकडे पाहिलं, आणि तिला ओढून तिच्या पाठीत धपाटा घातला. "हट्टी कुठली! ऐकून न ऐकल्यासारखं करते!" पोरगी भेदरून रडायला लागली. मग सुनंदाबाईने तिला छातीशी धरलं आणि स्वतःही रडली. मित्रांनो, पोरगी हट्टी असली तर ती उद्या सुधारेल. पण बहिरी असली तर? त्या 'तर'च्या वाऱ्यालाही सुनंदाबाईला उभं राहायचं नव्हतं, म्हणून ती पोरीला मारत होती.

आणि अशा वेळी मी खोटी साक्ष दिली.

सुनंदाबाई मिरची-लसूण कुटत होती. कुंदा पाठमोरी, चार हातांवर, उघड्या जमिनीवर बसली होती. मुसळीचा ठोका पडला आणि कुंदा वळली. सुनंदाबाईचा हात वरच थांबला. तिने दुसरा ठोका टाकला. कुंदाने पुन्हा वळून पाहिलं आणि हसली.

"ऐकते!" सुनंदाबाई किंचाळलीच. "आबा, माही पोर ऐकते! बडगीचा आवाज ऐकते!"

मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, तो माझा आवाज नव्हे! मी डुगडुगते. एकेका ठोक्याला माझं उणं बूड जमिनीवर आपटतं, तो हादरा मातीतून जातो आणि पोरीच्या तळपायांना लागतो. ती पायांनी वळली, कानांनी नाही. पण लाकडाला कुठलं तोंड? जीवरामने त्या दिवशी मला तेल चोळलं. आबांनी देवापुढे नारळ फोडला. आयुष्यात एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि एवढी बेचैनी मला कधी आली नव्हती.

मग तो नेमच झाला. कुणी शंका काढली की सुनंदाबाई मला कुंदाच्या मागे ठेवायची आणि एक ठोका टाकायची. पोर वळायची. शंका काढणारी बाई ओशाळून घरी जायची. पण मला एक गोष्ट खटकत होती. पोर लांब बसलेली असली, खाटेवर असली, की सुनंदाबाई परीक्षा घ्यायची नाही. आधी तिला जवळ, जमिनीवर आणून बसवायची. हे ती जाणून करत होती का? मला नाही वाटत. तिचे हात जाणत होते, ती जाणत नव्हती.

कुंदा सहा वर्षांची झाली. गावात सुकदेव मास्तर नवे आले होते. सडपातळ, शांत माणूस. शाळेत नाव घालायला नेली तेव्हा त्यांनी कुंदाला नाव विचारलं, हाक मारली, मग तिच्या मागे जाऊन हलकेच टाळी वाजवली. संध्याकाळी ते घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "अक्का, मला वाटतं तुमच्या कुंदाला ऐकू येत नाही. पुण्याला अशा मुलांची शाळा आहे. तिथे ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवतात, लिहायला-वाचायला शिकवतात. पण मूल सात वर्षांच्या आत यावं असं त्यांचं म्हणणं असतं. आपल्या हाती थोडेच महिने आहेत."

"कोन म्हनतं माही पोर बहिरी हाये?" सुनंदाबाई उसळली. "तुमच्या शाळेतल्या गोंगाटात ती बुजली. घरी बठ्ठं ऐकते. चंपाषष्ठीले भरीत खायले या, मास्तर, आन् आपल्या डोळ्यांनी पाहा."

मास्तर नमस्कार करून गेले. त्या दिवसापासून मला चैन पडेना. कोपऱ्यात ठेवलेली मी उंदीर अंगावरून गेला तरी डुगडुगायचे. माझ्या एका ठोक्यावर पोरीचं सगळं आयुष्य येऊन टेकलं होतं. ती वळली असती तर मास्तर खोटे पडले असते, सातवं वर्ष उलटलं असतं, आणि कुंदा जन्मभर मुकी राहून रस्त्यात बसली असती. प्रत्येक रतिलाल काही वेळेवर कासरे ओढत नाही.

चंपाषष्ठी आली. चार महिने वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी आमच्याकडे घरात येतं. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग सगळे खातात. नैवेद्याचं भरीत सकाळीच कुटून झालं होतं. पाहुण्यांसाठी दुसऱ्या खेपेची वांगी भाजून, सोलून तयार होती. मास्तर आले, अंगणातल्या खाटेवर बसले. आबा त्यांच्याशेजारी बसून गावातले लोक कसे पुटपुटतात ते ओरडून सांगत होते. कुंदा आमच्याकडे पाठ करून चिंचोके खेळत होती.

पाहुण्यासमोर माझं डुगडुगणं जीवरामला बरं दिसेना. "थांब," तो म्हणाला. त्याने घरातून कवडी, म्हणजे डागाळलेला, न खपलेला कापूस भरलेलं अर्धं पोतं आणलं, दाबून सपाट केलं आणि माझ्या बुडाखाली सारलं. "आता हालनार नाही."

जन्मात पहिल्यांदा मी स्थिर बसले. आणि मित्रांनो, मला धडकी भरली, कारण पुढे काय होणार ते मला आधीच कळलं.

सुनंदाबाईने मास्तरांकडे पाहिलं, मुसळी उचलली आणि ठोका टाकला. कुंदा वळली नाही.

"खेळात रमली," सुनंदाबाई म्हणाली. दुसरा ठोका. कुंदाने एक चिंचोका उचलून दुसऱ्या रांगेत ठेवला.

"तू हळू कुटू ऱ्हायली," आबा म्हणाले. "मले तर काहीच ऐकू आलं नाही!"

तिसरा, चौथा, पाचवा. वांग्याचा लगदा उडून तिच्या हातावर आला. मुसळी माझ्या तळाला भिडत होती आणि तो सगळा मार कापूस गिळून टाकत होता. मास्तर माझ्या बुडाकडे पाहत होते. सुनंदाबाईने त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि तिनेही खाली पाहिलं.

तिने माझ्याखालचं पोतं ओढून काढलं आणि उघड्या जमिनीवर एक ठोका टाकला. कुंदा वळून हसली.

"पाह्यलं?" जीवरामने मांडीवर थाप मारली. "पाह्यलं, मास्तर? ऐकते नं पोर?"

आबाही हसले. शेजारून डोकावणाऱ्या बायकाही हसल्या. अंगणात फक्त तिघं हसत नव्हती. एक मास्तर, एक मी आणि एक सुनंदाबाई. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं, आणि त्याच क्षणी सगळं तिच्या हातात होतं. नुसतं गप बसली असती तरी झालं असतं. सगळं घर तिच्या बाजूने होतं. मास्तरांचं कुणी ऐकलं नसतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

सुनंदाबाईने पोतं परत घेतलं. सगळ्यांच्या देखत मला एका हाताने कलतं केलं, पोतं माझ्याखाली घातलं आणि दोन्ही हातांनी मुसळी उचलून होता नव्हता तेवढा जोर लावून हाणली.

कुंदा चिंचोके मोजत होती.

"पाहा," सुनंदाबाई म्हणाली. "नीट पाहा बठ्ठ्यांनी. माह्या पोरीले ऐकू येत नाही."

मग जीवराम उठला आणि त्याने मला लाथ घातली. मी ओट्याच्या दगडावर आदळले, माझा काठ तडकला आणि भरीत मातीत गेलं. तो माझ्यावर ओरडला, "ही बडगी! हिनेच फसवलं!" मग गोठ्यामागे जाऊन बैलाच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. मला दुखलं खरं, पण राग नाही आला. एवढी वर्षं जो ठोका त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, तो त्या दिवशी पोहोचला होता.

तोतारामआबा मात्र खाटेवरून उतरले, काठी टेकत कुंदाजवळ गेले आणि जमिनीवर बसले. तिच्या चिंचोक्यांतला एक उचलून म्हणाले, "पोरी, मलेबी ऐकू येत नाही गे. दोन-चार वर्सं झाली. मी लोकांलेच नावं ठेवत ऱ्हायलो." कुंदाला ते ऐकू गेलं नाही आणि आपलं बोलणं आबांनाही धड ऐकू गेलं नसावं. दोघं मग चिंचोके खेळत बसले.

संध्याकाळी जीवरामने मला मातीतून उचललं, धुतलं आणि माझा तडा तारेने आवळला. तार तो फार जपून पिळत होता. दुसऱ्या दिवशी तो रतिलालच्या घरी गेला आणि बराच वेळ तिथे बसून आला.

मास्तरांनी पुण्याला पत्र घातलं. सात वर्षं भरायला दोन महिने असताना कुंदा आईबापाबरोबर जामनेरहून छोट्या आगगाडीने पाचोऱ्याला आणि तिथून पुढे पुण्याला गेली. तिला शाळेत ठेवून सुनंदाबाई जीवरामच्या मागून घरात शिरली तेव्हा तिच्या हातात पोरीचं एक चिरगुट होतं. तिने ते माझ्या पोटात ठेवलं आणि मला माळ्यावर टाकलं. दोन हिवाळे मी तिथे धूळ खात पडले. घरात भरीत झालं नाही. कुणी वाटी घेऊन आलं नाही. मला अडगळीचं दुःख नव्हतं, मला पोरीचं काय झालं याची तगमग होती. माळ्यावर कुणी काही सांगत नाही.

मग एका मे महिन्यात सुनंदाबाईने मला खाली काढलं. कुंदा सुट्टीला आली होती. उंच झाली होती. आबांच्या पुढ्यात बसून ती पाटीवर लिहायची, आबा वाचायचे आणि पाटीवरच उत्तर द्यायचे. घरात सगळ्यांत जास्त गप्पा आता त्या दोघांच्या चालायच्या. सुनंदाबाईने मला उघड्या जमिनीवर ठेवलं, खाली काही न घालता, आणि रिकाम्या पोटात एक ठोका टाकला. परसातून कुंदा धावत आली. पडवीतून आबाही आले, कारण हाका मारून मारून घसा बसला तरी न येणारे आबा जमिनीचा हादरा बरोबर ओळखायचे. एका ठोक्यात दोघंही पानावर!

तेव्हापासून पोर सुट्टीला आली की माझं हेच काम आहे. पूर्वी सुनंदाबाई पोर ऐकते का ते पाहायला मला कुटायची. आता पोरीला ऐकू येत नाही हे माहीत आहे, म्हणून तिला जेवायला बोलवायला कुटते. ठोका तोच आहे, पण मी आता खोटं बोलत नाही. आणि ज्या उण्या बुडाला गाव हसलं, त्याच्याच जिवावर तो हादरा परसापर्यंत जातो.

यंदा महाराष्ट्र राज्य झालं. कुंदा दहा वर्षांची आहे आणि मी लवकरच सरपणात जाईन, कारण तार गंजली आहे. त्याआधी तुम्हाला एक विनवणी करते. घरातलं कुणी हाकेला वळलं नाही, तर त्याला हट्टी म्हणू नका. रागाचा ठोका भलत्यावर पडत असेल, तर तो खरा कुणाच्या नावाचा होता ते बघा. खऱ्याचा ठोका लागू नये म्हणून मनाखाली कुणी पोतं घातलेलं दिसलं तर ते हलक्या हाताने ओढून काढा, आणि घालणाऱ्याला मारू नका. ते त्याने भिऊन घातलेलं असतं. माझ्यासारखी जुनी लाकडंसुद्धा टाकून देऊ नका. आमची खोड कधी कामाला येईल सांगता येत नाही.

आता पुरे करते. सुनंदाबाई मुसळी घेऊन येते आहे. पानं वाढून झाली आहेत आणि कुंदा परसात पाठमोरी बसली आहे.